क्लबात नवीन आहात?

ठाणे-कल्याण-डोंबिवली पट्ट्यात राहणाऱ्या माणसाची चाळिशी उलटली, घराचे हप्ते आटोक्यात आले आणि मुलाची दहावी एकदाची पार पडली, की त्याला समाजाचं ऋण आठवतं. नाही आठवलं तर सोसायटीतलं कोणीतरी आठवण करून देतंच. ‘गुरुवारी मोकळे आहात ना? या आमच्या मीटिंगला, पाहुणे म्हणून. जेवण तिथेच.’ तुम्ही जाता, जेवता आणि पुढच्या महिन्यात सदस्य झालेले असता. त्या मधल्या महिन्यात वाचायची ही मार्गदर्शिका.

पहिला प्रश्न, रोटरी की लायन्स? यावर फार डोकं शिणवू नका. ज्यांचा फोन आधी आला, तो आपला क्लब. दोन्ही मूळचे शिकागोचेच. पॉल हॅरिस नावाच्या वकिलाने 1905 साली तीन मित्रांना जमवलं, आळीपाळीने एकेकाच्या कचेरीत बैठका घेतल्या, त्यातून रोटरी झाली. 1917 साली विमा व्यवसायातल्या मेल्विन जोन्सने लायन्स उभी केली. पुढे 1925 मध्ये हेलन केलर यांनी लायन्सच्या अधिवेशनात अंधांसाठी साकडं घातलं, तेव्हापासून डोळ्यांची शिबिरं म्हटली की लायन्स आठवतात. एक पथ्य मात्र पाळा. आमच्या भागात समाजकार्य क्लबांनी आणलं, असं भाषणात म्हणू नका. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय 1864 चं आणि ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 चं. समोर त्यांचा एखादा आजीव सभासद हमखास बसलेला असतो, आणि त्याला बोलायला निमित्तच हवं असतं.

पूर्वी रोटरीत एका व्यवसायाचा एकच माणूस घेत. तो नियम आता बराच सैलावला आहे ते बरं झालं, नाहीतर डोंबिवलीत क्लासवाल्यांमध्येच हाणामारी झाली असती. सदस्य झालात की पिन मिळते. चोवीस दाते, सहा आरे असलेलं चाक. ती कोटाच्या कॉलरवर लावायची असं पुस्तकात आहे. मे महिन्यात डोंबिवलीत कोट घालून दाखवणाऱ्याला वेगळा पुरस्कार द्यायला हवा. शर्टाच्या खिशावर लावा. विसरू मात्र नका. रोटरीत सार्जंट ॲट आर्म्स आणि लायन्समध्ये टेल ट्विस्टर नावाचा पदाधिकारी असतो, तो पिन नाही म्हणून दंड घेतो. नवी गाडी घेतली, मुलगी सीए झाली, पेपरात फोटो आला, तरी दंड. याला हसत हसत पैसे द्यायचे असतात. पावती मागणारा सदस्य लवकर लोकप्रिय होत नाही.

मीटिंग आठची असते. म्हणजे साडेआठची, कारण निम्मे सदस्य अजून सीएसएमटीहून सुटलेल्या फास्ट लोकलमध्ये मुलुंडच्या आसपास लटकलेले असतात. अध्यक्ष घंटा वाजवतात, राष्ट्रगीत होतं, मग चार प्रश्नांची कसोटी म्हटली जाते. आपण जे बोलतो-करतो ते खरं आहे का, सगळ्यांना न्याय्य आहे का वगैरे. ही कसोटी हर्बर्ट टेलर यांनी 1932 साली बुडायला आलेली ॲल्युमिनियमच्या भांड्यांची कंपनी सावरण्यासाठी लिहिली होती. ती मोठ्याने म्हणा. फक्त शिबिराला किती लोक आले हा आकडा अहवालात लिहिताना ती कोणाला लावून बघू नका. मग वक्ता येतो. गुडघेदुखी नाहीतर म्युच्युअल फंड. एकच प्रश्न विचारायचा. दुसरा विचारलात तर पनीर गार होतं आणि मागच्या रांगेतले तुमचं नाव लक्षात ठेवतात. त्यानंतर जे होतं त्याला फेलोशिप म्हणतात.

बायकोला आधी कल्पना द्या, की तिचं नाव मालती असलं तरी जुने रोटेरियन तिला ‘ॲन’च म्हणणार. तिने ‘मीच सदस्य होते’ म्हटलं तर मुकाट्याने अर्ज आणून द्या. रोटरीने 1989 पासून स्त्रियांना सदस्यत्व खुलं केलं, आणि हिशेबाची वही त्यांच्या हाती गेलेल्या क्लबांत ती जुळते असं माझं निरीक्षण आहे.

आता पदांचं. क्लबात शिरल्यावर ज्याच्याशी हात मिळवाल तो ‘पीपी’ असण्याचा संभव फार, म्हणजे पास्ट प्रेसिडेंट. याचं कारण क्लबचं वर्ष. रोटरी असो की लायन्स, ते 1 जुलैला सुरू होतं आणि 30 जूनला संपतं, आणि अध्यक्षही सहसा त्याच दिवशी संपतात. गळ्यातला पट्टा दुसऱ्याच्या गळ्यात, हातोडा दुसऱ्याच्या हातात. हसू नका. आपल्याकडच्या कित्येक मंडळांत आणि संस्थांत अध्यक्ष बदलल्याची बातमी शोकसभेतच कळते. त्या मानाने वर्षभरात खुर्ची सोडायची सक्ती ही फार मोठी गोष्ट आहे, आणि ती शिकागोहून आयात करावी लागली हे जरा मनाला लागतं.

पण या वर्षाच्या हिशेबात एक गोम आहे, ती नवख्याने पहिल्याच महिन्यात समजून घ्यावी. अध्यक्षाला जे दाखवायचं ते बारा महिन्यांत दाखवायचं असतं. त्यामुळे प्रकल्प नवा हवा, फलक नवा हवा, नाव नवं हवं. रक्तदान शिबिराला हे चालतं, तिथे दर वेळी नवंच रक्त लागतं. सकाळी लवकर जाऊन टेबलापाशी उभे राहा. बोटाला सुई टोचतात, थेंब निळ्या मोरचूदाच्या पाण्यात सोडतात. झपकन तळाशी गेला तर दाता पात्र. वरच घुटमळला तर हिमोग्लोबिन कमी, त्याला न दुखवता कॉफी-बिस्किटांकडे वळवायचं. हे वळवण्याचं काम नवख्याला देतात आणि ते भाषणापेक्षा अवघड असतं. जिममधून थेट आलेला धट्टाकट्टा पोरगा अपात्र ठरला की त्याच्या चेहऱ्याकडे बघवत नाही.

वनराई बंधारा तर क्लबसाठीच जन्माला आला असावा. पावसाळा सरला, ओढ्याची धार बारीक झाली की शहापूर किंवा मुरबाडकडे जायचं, रिकाम्या सिमेंटच्या गोण्या मातीने भरायच्या, दाभण-सुतळीने तोंडं शिवायची आणि विटांसारखे सांधे चुकवून एकावर एक रचायच्या. पहिल्या दहा गोण्या क्लबच्या टोपीतले सदस्य हातोहात पुढे देतात, तेवढ्यात फोटो होतो. उरलेल्या पाड्यावरचे लोक रचतात, आणि दुपारपर्यंत पाणी तुंबलेलं असतं. पुढच्या पावसाळ्यात हे सगळं वाहून जातं. क्लबच्या वर्षाला इतकं बेताचं बसणारं बांधकाम दुसरं सापडणार नाही.

गडबड होते ती टिकाऊ वस्तूंनी. शहापूर तालुक्यातल्या भातसा आणि तानसाचं पाणी मुंबईला जातं आणि त्याच तालुक्यातले पाडे एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट बघतात. म्हणून कोणी हातपंप देतं, कोणी शाळेत पाण्याचा फिल्टर बसवतं. उद्घाटन होतं, संगमरवरी पाटीवर अध्यक्षांचं नाव लागतं. दीड वर्षाने पंपाचा वॉशर जातो. तोवर पाटीवरचे अध्यक्ष पीपी झालेले असतात आणि नव्या अध्यक्षांचा विषय असतो ई-लर्निंग. वॉशर बदलण्याचं उद्घाटन करता येत नाही, हा सगळा मामला.

हेच क्लब वर्षांची साखळी लावतात तेव्हा काय होतं तेही ठाऊक असू द्या. पोलिओचं काम रोटरीने 1985 मध्ये जगभर हाती घेतलं. भारतातला शेवटचा रुग्ण 13 जानेवारी 2011 ला हावड्यात सापडला आणि 2014 मध्ये भारत पोलिओमुक्त ठरला. मधल्या काळात किती अध्यक्ष आले आणि गेले, कोणी विषय बदलला नाही. (2011-12 चे जागतिक अध्यक्ष कल्याण बॅनर्जी होते. ते वापीचे. कल्याणमध्ये हे आवर्जून सांगावं लागतं.)

तर जुलैत तुम्हाला कोणती समिती हवी ते विचारतील. ‘मागच्या वर्षीचं बघतो’ म्हणून सांगा. या पदाला स्पर्धा नाही. रविवारी कल्याणहून कसाऱ्याची गाडी पकडा, आसनगावला उतरा, पुढे शेअर जीप. पिशवीत दोन पाने, पंपाचा वॉशर आणि फिल्टरची कँडल असू द्या. परत आल्यावर सचिव महिन्याचा अहवाल भरायला देतील. त्यात या कामाला रकाना नसेल. ‘इतर’ मध्ये लिहा. लाभार्थींच्या पुढे मात्र काही लिहायचं नाही, ते मागच्या वर्षी मोजून झालेत.