नादखात्याचे अंमलदार

औष्णिक वीजकेंद्राच्या चिमण्यांखाली वसलेल्या वसाहतीत पेन्शन सुरू झाली, की कोणी नातवंडांकडे वळतो, कोणी जगदंबेच्या पहाटेच्या दर्शनाकडे, आणि ज्याने उभी हयात यंत्रांच्या घरघरीत काढली असा एखादा इसम एकाएकी शुद्ध नादाच्या, तोही हर्ट्झ आणि डेसिबलांत मोजता येईल अशा नादाच्या, नादी लागतो. कोराडीचे आमचे काकाजी या तिसऱ्या वर्गातले. त्यांना संगीताची आवड आहे असे म्हणणे धाडसाचे होईल. त्यांना आवड आहे ती संगीतात सापडणाऱ्या दोषांची.

या आवडीस राजाश्रय मिळाला तो पॅरामेट्रिक इक्वलायझरमुळे. साध्या ग्राफिक इक्वलायझरच्या पट्ट्या नेमून दिलेल्या जागीच वरखाली सरकतात. येथे मात्र कोणती कंप्रता धरायची, ती किती डेसिबल चढवायची वा उतरवायची, आणि आजूबाजूचा किती मुलूख त्या कारवाईत ओढायचा, ज्याला जाणकार ‘क्यू’ म्हणतात, हे तिन्ही अधिकार एकाच माणसाच्या मुठीत येतात. आणि वरिष्ठांच्या सहीवाचून ज्याने कधी फ्यूजही बदलला नाही, त्याच्या मुठीत असे अधिकार आले म्हणजे काय होते, ते त्यांच्या दिवाणखान्यात पाहावे. जॉर्ज मॅसेनबर्ग यांनी या यंत्राविषयीचा निबंध 1972 साली मांडला आणि कोराडीच्या वीजकेंद्राचा पहिला संच 1974 साली सुरू झाला, हा योगायोग काकाजी अशा थाटात सांगतात, की जणू दोन्ही फायली त्यांच्याच टेबलावरून गेल्या होत्या.

दिवाणखाना बारा फुटी. एवढ्या लांबीत सत्तेचाळीस हर्ट्झच्या सुमारास लहर अडकून पडते, म्हणून भिंतीपाशी खर्ज घुमतो आणि बरोबर मध्यावर बुडतो. तेथे कितीही डेसिबल ओतले तरी तो खड्डा भरत नाही, खुर्चीच सरकवावी लागते. ती सरकवून झाल्यावर काकाजींनी तिच्या चारही पायांभोवती खडूने हद्दी आखल्या. काकू रोज फरशी पुसतात. हद्दी रोज नव्याने कायम होतात.

मिनिटाला 3000 फेरे घेणाऱ्या टर्बाइनच्या सेवेत राहून ज्यांनी देशाला 50 हर्ट्झची वीज पुरविली, त्यांना एके दिवशी आपल्याच स्पीकरात तिची दुप्पट, म्हणजे 100 हर्ट्झची, घूंऽऽ ऐकू आली, आणि स्वतःच्याच खात्याच्या या अपत्याविरुद्ध काकाजींनी क्यू 10 ठेवून, उणे बारा डेसिबलांचा, हद्दपारीचा हुकूम बजावला. हुकुमाच्या कक्षेत साधारण 95 ते 105 हर्ट्झ आले. आणि पांढरी एकमध्ये जुळविलेल्या तानपुऱ्याचा मंद्र पंचम वाजतो तो 98 वर! शेजारचे निवृत्त संगीतशिक्षक ख्याल ऐकायला आले, थोडा वेळ अस्वस्थपणे बसले आणि म्हणाले, “काकाजी, पंचम कुठं गेला हो?”

“चौकशी सुरू आहे,” काकाजी म्हणाले.

चौकशीचा निकाल काकूंनी लावला. धूळ झटकताना त्यांनी टीव्हीच्या सेटटॉप बॉक्सची केबल उपसली आणि घुमघुम जागच्या जागी थांबली. केबल आणि अ‍ॅम्प्लिफायर यांची अर्थिंग निरनिराळ्या वाटांनी जमिनीत जात होती आणि त्या फेऱ्यातून गुणगुण शिरत होती. विजेच्या खात्यात केस पांढरे केलेल्या गृहस्थास ही गोष्ट ठाऊक नव्हती असे नव्हे, परंतु ती फार लवकर मिटली असती. “डब्बा काढला तं गेला नं आवाज!” काकू म्हणाल्या. हुकूम मात्र आजतागायत रद्द झालेला नाही, कारण रद्द करण्यास सबळ कारण लागते आणि काकाजींच्या दप्तरात काकूंची साक्ष ग्राह्य धरली जात नाही.

नवरात्रात त्यांचे कार्यक्षेत्र वाढते. कोराडीच्या जगदंबेच्या मुखावर दिवसातून तीन रूपे पालटतात अशी भाविकांची श्रद्धा आहे. देवळाच्या वाटेवरच्या मांडवातील साउंडवाल्या पोराच्या मिक्सरवरील रूपे मात्र काकाजी आल्यावर घटकेला तीन पालटतात. गेल्या वर्षी चहाला जायचे म्हणून त्या पोराने माइक त्यांच्याच हाती दिला. काकाजींनी घसा खाकरून “हॅलो, हॅलो” म्हटले, कान टवकारले, कपाळाला आठी घातली आणि मागे वळून फर्मावले, “या आवाजात तीनशे हर्ट्झला फार गाळ आहे. सहा डेसिबल काप.”

“काकाजी, थो तं तुमचाच आवाज होय नं!”

काकाजी क्षणभर थबकले.

“मग दोन पुरेत,” ते म्हणाले.