घरबसल्या महात्मा व्हा: वरणगावच्या नवशिक्यांसाठी

आत्मा गावात प्रत्येकाकडे आहे, त्याला भाव नाही. तुम्हाला लागणार गूढविद्या. थिऑसॉफीवाल्यांनी माणसाची सात तत्त्वं मोजून ठेवलीत, तेव्हा सुरुवातीचा हिशेब तयारच आहे.

१. मे महिन्यात भर दुपारी गच्चीवर ध्यानाला बसा. पारा पंचेचाळीसला टेकला की देहभान आपोआप हरपतं. चक्कर आली तर 'कुंडलिनी हलली' म्हणा. घरचे कांद्याचा रस चोळतील, चोळू द्या.

२. लोकांची आभावलयं बघू लागा. उधारीवाल्याचं मळकट सांगा. ऑर्डनन्स फॅक्टरीतून नुकत्याच निवृत्त झालेल्या काकांचं मात्र सोनेरीच. ग्रॅच्युइटीचं तेज असतं ते.

३. पूर्वजन्म सांगताना हात आखडू नका. केळीचे घड वाहणारा हमाल कोणालाच व्हायचं नसतं. सरसकट इजिप्तचे पुरोहित करून टाका.

४. जगद्गुरू नेमायचा तर पोरगा पारखून घ्या. थिऑसॉफीच्या लेडबीटरसाहेबांना १९०९ साली मद्रासला अड्यारच्या किनाऱ्यावर कृष्णमूर्ती सापडले. १९२९ साली कृष्णमूर्तींनी, त्यांच्यासाठीच उभारलेला संघ भर मेळाव्यात विसर्जित केला. प्रामाणिक मुलं या धंद्यात फार नुकसान करतात.

५. आता मुख्य गोष्ट, पत्रव्यवहार. १८७९ साली मुंबईत उतरलेल्या थिऑसॉफीच्या मॅडम ब्लाव्हॅट्स्कींना हिमालयापलीकडच्या महात्म्यांची पत्रं येत, अड्यारला तर थेट कपाटात. लंडनच्या संशोधकांनी १८८५ साली 'बहुतेक बाईंनीच लिहिली' असा निष्कर्ष काढला. तुम्हाला ती भीती नाही. व्हॉट्सॲपवर अक्षर ओळखू येत नाही.

फक्त चांगदेवांसारखं करू नका. तापी-पूर्णेच्या संगमावरचा हा आपल्याच भागातला योगी. वय १४०० वर्षं, असं परंपरा सांगते. ज्ञानेश्वरांना पत्र लिहायला बसले आणि मायना काय घालावा इथेच अडले. वयाने लहान म्हणून 'चिरंजीव', की अधिकाराने मोठे म्हणून 'तीर्थरूप'? शेवटी कोराच कागद धाडला. मुक्ताबाई म्हणाली, इतकं जगून हा कोराच राहिला! उत्तरादाखल पासष्ट ओव्या आल्या आणि एवढा मोठा सिद्ध त्या लहान मुलीचा शिष्य झाला. गुरू म्हणून कारकीर्दच संपली हो बिचाऱ्याची!

तेव्हा कागद कधी कोरा सोडू नका, आणि मुक्ताईनगरच्या बाजूला शक्यतो फिरकू नका. तिथून मुक्ताबाईंची पालखी आषाढीला पायी पंढरपूरला जाते. चालायला फी नाही, पोचल्यावर प्रमाणपत्र नाही, आभावलय कोणी विचारत नाही. तुमच्या काही कामाची नाही ती.