शांत, सावलीची जागा

तक्रार कुणाकडे करायची, हाच पहिला प्रश्न आहे. समुद्राला कार्यालय नाही, पाइनच्या झाडांना खिडकी क्रमांक नाही आणि फ्रान्सच्या राष्ट्रीय उद्यानाला मराठी येत नाही. तेव्हा वाचकांपुढेच मांडतो.

मार्सेय आणि कासी यांच्या मधला किनारा म्हणजे चुनखडीच्या पांढऱ्या कड्यांची रांग. कड्यांच्या बेचक्यांतून समुद्र आत शिरला आहे. या चिंचोळ्या खाड्यांना तिकडे कालांक म्हणतात. त्यातली पोर-पँ नावाची छोटी कालांक तिथल्या अलेप्पो पाइनसाठी प्रसिद्ध आहे. माती नसलेल्या खडकाच्या फटीत मुळं खुपसून ही झाडं वाकडीतिकडी उभी असतात. माझी भाची जवळच्या एक्स गावात नोकरी करते. ती फोनवर म्हणाली, "मामा, तू ये तर खरा. इतकी शांत जागा आहे! सावली आहे आणि पोहायला तर एकदम मस्त." भाचीवर माझा राग नाही. ती तिथे राहते, तिला सवय झाली आहे.

घरातून निघण्याआधीच त्रास सुरू झाला, तो इतिहासामुळे. 8 जुलै 1910 रोजी सावरकरांनी 'मोरिया' बोटीच्या पोर्टहोलमधून मार्सेयच्या समुद्रात उडी घेतली, किनाऱ्यावर फ्रेंच पोलिसाने त्यांना धरून पुन्हा इंग्रजांच्या हवाली केलं आणि प्रकरण हेगच्या लवादापर्यंत गेलं. हा धडा आपण सगळ्यांनी शाळेत वाचला आहे. त्याचा परिणाम असा, की मार्सेयला जाणाऱ्या साठीच्या गृहस्थाला प्रत्येक नातेवाईक "मग, उडी मारणार का?" असं विचारतो आणि हा विनोद आपल्यालाच पहिल्यांदा सुचला अशा चेहऱ्याने हसतो. मी पुण्याच्या टिळक तलावात शिडीने उतरणारा माणूस आहे. कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मी नुसता गुडघाभर पाण्यातला फोटो टाकला, तरी त्याखाली उडीच येते.

उडीचं सोडा, आधी तिथवर पोचायचं. 1 जून ते 30 सप्टेंबर या काळात या जंगलात पाऊल टाकता येईल की नाही, हे प्रशासन रोजच्या रोज ठरवतं. उद्याचा निकाल आज संध्याकाळी लागतो. वारा फार असेल आणि हवा कोरडी असेल तर वणव्याच्या भीतीने वाट बंद. भीती खोटी नाही. अलेप्पो पाइन राळेने भरलेलं झाड आहे, ठिणगी पुरते. सिगारेट नाही, चूल नाही, काही नाही. पण गंमत अशी की याच झाडाची बरीचशी बोंडं वर्षानुवर्षं घट्ट मिटून राहतात आणि आगीची धग लागली की उघडून बिया सोडतात. म्हणजे ज्याच्या काळजीपोटी आम्ही खिशातली काडेपेटी घरी ठेवून आलो, ते झाड स्वतः वणव्याची वाट बघत उभं आहे.

वाट बंद करणारा तो वारा म्हणजे मिस्त्राल. वायव्येकडून येतो, ढग झाडून काढतो आणि आकाश कॅलेंडरवर छापावं इतकं निळं करतो. सोबत आणखी एक उद्योग करतो. किनाऱ्याजवळचं वरचं, उन्हाने तापलेलं पाणी तो आत समुद्रात लोटून देतो आणि त्याच्या जागी तळाचं गार पाणी वर येतं. भर जुलैत 24-25 अंशांवरचं पाणी दोन दिवसांत 15-16 वर येऊ शकतं. आता हिशोब बघा. वारा आहे तोवर जंगल बंद. वारा पडला, जंगल उघडलं, आपण डबा, टॉवेल, पाण्याच्या बाटल्या घेऊन पोचलो, तर समुद्राचा फ्रिज झालेला. शिवाय शेजारच्या पोर-मियूमध्ये जमिनीखालून येणारी एक नदी समुद्राच्या पोटातच बाहेर पडते, तिचं थंड पाणी वेगळं.

मी घोट्यापर्यंत गेलो आणि विचार करत उभा राहिलो. माझ्याहून निदान दहा वर्षांनी मोठ्या दोन फ्रेंच बायका, डोक्यावर टोपी, डोळ्यांवर गॉगल, केस कोरडे, गप्पा मारत मारत माझ्या बाजूने खोल पाण्यात निघून गेल्या. त्यातली एक वळून म्हणाली, "पाणी छान आहे." नंतर लक्षात आलं, फ्रेंच माणूस गळ्यापर्यंत पाण्यात गेला की तो एवढंच म्हणतो. त्या विधानाचा तापमानाशी संबंध नसतो.

घोट्यापर्यंत पोचणं हेही सोपं नव्हतं. कोकणात ओहोटी लागली की किनारा आपले सगळे खडक उघडे करून दाखवतो. कुठे ठेच लागणार आहे ते आधी कळतं, यात एक प्रकारचा प्रामाणिकपणा आहे. भूमध्य समुद्राला भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच. मार्सेयला पाणी फार तर वीतभर-दीडवीत वरखाली होतं. फ्रेंचांना याचा इतका अभिमान, की 1885 ते 1897 या काळात इथे मोजलेली समुद्राची सरासरी पातळी त्यांनी मुख्य भूमीवरच्या सगळ्या उंच्यांसाठी शून्य म्हणून धरली. माँ ब्लाँची उंचीसुद्धा इथून मोजतात. मोजणीसाठी हे सोयीचं असेल. पण पाण्याखालचा खडक वर्षाचे बारा महिने पाण्याखालीच राहतो, शेवाळ धरतो आणि त्यावर सी अर्चिन वस्तीला येतात.

सी अर्चिन म्हणजे लिंबाएवढा काळा-जांभळा काटेरी गोळा. त्याला शत्रुत्व करायचं नसतं, तो जागचा फारसा हलतही नाही. मीच त्याच्यावर पाय ठेवला. काटा शिरतो आणि तिथेच मोडतो. वरून नुसता काळा ठिपका दिसतो, तीळ असावा तसा. भाचीने पर्समधून भुवया कोरायचा चिमटा काढला आणि माझी टाच मांडीवर घेऊन बसली. काटा इतका ठिसूळ, की चिमट्यात धरला की त्याचा चुरा. अर्ध्या तासात तीन निघाले आणि दोन "आपोआप बाहेर येतील" या सदरात गेले. आजूबाजूला सल्लागार जमले. एकाने व्हिनेगर सांगितलं, एकीने गरम पाणी, एका आजोबांनी फक्त मान हलवली. मग त्यांनीच माहिती दिली, की तिथे लोक हा प्राणी लिंबू पिळून आवडीने खातात, पण काढायला परवानगी 1 नोव्हेंबर ते 15 एप्रिल एवढीच. म्हणजे उन्हाळ्यात त्याने आपल्याला धरायला हरकत नाही, आपण त्याला धरलं तर दंड.

जेलीफिशबद्दल मी बोलणार नव्हतो, कारण मला एकदाच डसला. पण ही तक्रार या किनाऱ्यावर फार जुनी असल्याचा पुरावाच आहे. आंरी कोस्केर नावाच्या पाणबुड्याला इथून थोड्या अंतरावर, समुद्राखाली 37 मीटरवर, एका भुयाराचं तोंड सापडलं. आत कोरड्या भागात हजारो वर्षांपूर्वीची चित्रं निघाली. 1991 मध्ये ही गोष्ट जाहीर झाली. हिमयुगात समुद्र शंभरेक मीटर खाली होता, त्यामुळे ते लोक तिथे चालत जात. हाताचे सर्वांत जुने ठसे सुमारे 27 हजार वर्षांचे मानले जातात. घोडे आहेत, सील आहेत, आणि जेलीफिश असावेत अशा काही आकृत्याही आहेत. मला त्या आकृत्यांबद्दल शंका नाही. ज्याला डसला त्यानेच काढल्या असणार.

पाय वर घेऊन सावलीत पडलो. सावली म्हणजे काय, तर अलेप्पो पाइनच्या सुया बारीक आणि विरळ, त्यामुळे ऊन गाळलं जातं, अडत नाही. शिवाय सावली सरकते. आपण टॉवेल घेऊन तिच्यामागे सरकायचं. दुपारी तीनच्या सुमारास ती शेजारच्या कुटुंबाच्या कुत्र्यावर जाऊन स्थिरावली आणि कुत्रा हलला नाही. खोडाला टेकलो तर पाठीला राळ लागली. राळेला सुया चिकटल्या. साबणाने ती जात नाही, खोबरेल लागतं, आणि खोबरेल पुण्याला होतं. मधूनच चेहऱ्यावर बारीक तुषार आल्यासारखं वाटायचं. आकाश तर निरभ्र. भाचीला विचारलं. ती म्हणाली, "अरे, ते सिकाडांचं असतं." सिकाडा नावाचे हे किडे झाडाचा रस दिवसभर ओढतात, त्यात सत्त्व थोडं आणि पाणी फार, त्यामुळे उरलेलं वरून सोडून देतात. एवढं कळल्यावर मी तोंड मिटून झोपायला शिकलो.

पण खरा मुद्दा यांच्या आवाजाचा. उद्यानात स्पीकर लावून गाणी वाजवायला बंदी आहे. स्तुत्य आहे. त्यामुळे सिकाडांना स्पर्धा उरलेली नाही. पारा 25 च्या आसपास गेला की नर सुरू होतात, एकाच वेळी, सगळ्या झाडांवर, आणि ऊन उतरेपर्यंत थांबत नाहीत. सह्याद्रीतही मे महिन्यात हा प्रकार ऐकला आहे, पण तिथे निदान पाऊस येऊन मिटवतो. जाँ-आंरी फाब्र या प्रोव्हान्समधल्या कीटकशास्त्रज्ञाने तर यांची परीक्षा घेतली होती. गावच्या सणाला उडवायच्या दोन उखळी तोफा त्याने आपल्या अंगणातल्या झाडांखाली उडवल्या. गाण्यात मात्राभर फरक पडला नाही. फाब्रने निष्कर्ष काढला की हे बहिरे असावेत. पुढच्या अभ्यासकांना आढळलं की यांना ऐकू येतं, आपल्या जातभाईंचं. म्हणजे ऐकू येतं पण दखल घ्यायची नाही. मी अनेक वर्षं सरकारी खात्यांशी पत्रव्यवहार केला असल्याने मला हे लगेच पटलं.

शांततेच्या वाट्याला उरलेलं काम बोटी करतात. कासीच्या बंदरातून तीन कालांक, पाच कालांक, आठ कालांक अशा फेऱ्या विकत मिळतात. प्रवासी उतरत नाहीत. बोट तोंडाशी येते, निवेदक काहीतरी सांगतो, शंभरेक माणसं आमच्याकडे बघतात, फोटो काढतात आणि बोट मागे फिरते. निवेदनात माझा उल्लेख होत असावा. फ्रेंच येत नसल्याने खात्री देता येत नाही. त्याच वेळी कड्यावरून पोरं मुटके मारत असतात. आणि इतकं सगळं झाल्यावर, पोहून, कुडकुडत बाहेर आल्यावर, चहा नाही. टपरी नाही, गाडी नाही. आधी झिजून काचेसारख्या गुळगुळीत झालेल्या दगडांवरून अर्ध्या तासाची पायपीट, मग कासीत कपभर कोमट पाणी आणि शेजारी दोरा लावलेली पुडी.

एवढं असूनही लोक येतात, हे मला सर्वांत खटकतं. मार्सेयच्या बाजूच्या सुजितों कालांकमध्ये उन्हाळ्यात दिवसाला अडीच हजारांपर्यंत माणसं जाऊ लागली. पायांनी माती सुटली, पाइनची मुळं उघडी पडली. म्हणून 2022 पासून गर्दीच्या दिवसांत तिथे दिवसाला 400 जणांनाच प्रवेश आहे, फुकट, पण आधी नाव नोंदवून. भाची तीन दिवस आधी सकाळी नऊला फोन हातात घेऊन बसली होती. नऊ वाजून काही मिनिटांनी तिने फोन खाली ठेवला आणि म्हणाली, "पोर-पँलाच जाऊ." तिथे अजून नोंदणी लागत नाही.

वाचकांना विनंती एवढीच, की जुलै-ऑगस्टमध्ये मुळीच जाऊ नका. सप्टेंबरच्या मध्यावर जा, पाणी तेव्हाही कोमट असतं आणि सिकाडा संपलेले असतात. रबरी बूट, चिमटा, खोबरेल आणि थर्मासभर चहा घरून न्या. आणि पोर-पँला पोचल्यावर डाव्या हाताला, वाकड्या पाइनखाली, पाय पाण्यात सोडता येईल असा एक सपाट खडक आहे. तिथे साडेनऊपर्यंत ऊन येत नाही. त्याच्यावर टॉवेल टाकू नये. पुढच्या सप्टेंबरात मला तो लागणार आहे.