कोयता पलंगाखाली, दिवा बंद

आमच्या सोसायटीत एका महिन्यात दोन घरं फुटली आणि घरोघरी पलंगाखाली हत्यारं आली. शेजारच्या काकांनी मला त्यांचा कोयता दाखवला. गावाकडून आणलेला, लाकडी मुठीचा, धार नुकतीच लावलेली. म्हणाले, "आत शिरला की उभा चिरीन. कायदा आपल्या बाजूनं आहे."

आहे, काका. पण तुम्ही समजता तितका नाही.

स्वसंरक्षणाचा हक्क आता भारतीय न्याय संहितेच्या 34 ते 44 या कलमांत आहे. रात्री कुणी घर फोडून आत शिरला, तर 41वं कलम प्रसंगी त्याचा जीव जाईपर्यंत प्रतिकाराची मुभा देतं. लोक एवढंच ऐकून येतात. त्या मुभेला 37व्या कलमाची वेसण आहे, ती कुणी सांगत नाही. बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करायची नाही. आणि पोलिसांना गाठण्याइतकी सवड असेल, तर हा हक्कच उरत नाही. चोर रिकाम्या हातानं गॅलरीतून उडी टाकून पळाला, तुम्ही जिना उतरून त्याला फाटकाशी गाठलंत आणि पाठीत वार केलात, तर आरोपी तुम्ही. पकडून खांबाला बांधलेल्याला मारलंत, तरीही तुम्हीच. घाबरलेल्या माणसाचा घाव सोन्याच्या काट्यावर तोलायचा नसतो, हे सर्वोच्च न्यायालयानं अनेकदा म्हटलंय. ती सवलत घाबरलेल्याला आहे, चिडून पाठलाग करणाऱ्याला नाही.

कुंपणाच्या तारेत करंट सोडणाऱ्यांबद्दल तर मला संतापच येतो. चोर कोण आणि चेंडू आणायला आलेलं पोर कोण, हे तारेला काय कळणार?

हातातल्या हत्यारालाही अंधारात ते कळत नाही. 14 फेब्रुवारी 2013 च्या पहाटे प्रिटोरियात धावपटू ऑस्कर पिस्टोरियसनं शौचालयाच्या बंद दारातून चार गोळ्या झाडल्या. आत चोर शिरलाय असं वाटलं, हा त्याचा बचाव. आत त्याची मैत्रीण रीव्हा स्टीनकँप होती, ती गेली. 2015 मध्ये तिथल्या अपील न्यायालयानं त्याला खुनाचा दोषी ठरवलं. दारामागे कोण होतं हा मुद्दाच नाही, तिथल्या माणसाचा जीव जाऊ शकतो हे त्याला दिसत होतं, असं न्यायालयाचं म्हणणं.

म्हणून काकांना मी सांगितलं, आधी दाराला जाड कडी आणि सेफ्टी डोअर बसवा. खुट्ट झालं तर दिवा लावा, "कोण आहे?" म्हणून मोठ्यानं ओरडा, सगळ्यांना एका खोलीत घेऊन आतून कडी घाला आणि 112 लावा. दागिने गेले तर जाऊ देत. कोयता त्या खोलीचं दार तोडून आत येणाऱ्यासाठी ठेवा.

काका काही बोलले नाहीत. त्यांचा नातू यंदा बारावीला आहे. अभ्यास करून रात्री दोनच्या सुमारास उठतो, आजोबांची झोप मोडू नये म्हणून दिवा न लावता फ्रिज उघडतो. फ्रिजपासून काकांचा पलंग आठ पावलांवर आहे.