फाइल पुण्याला गेली आहे

नगरच्या सावेडीत किंवा केडगावात घर विकायला काढलेल्या कुणालाही विचारा, व्यवहार कुठवर आला? उत्तर ठरलेलं असतं: "पार्टीचं लोन व्हायचंय." विसार घेऊन झालेला असतो, पाहुण्यांना कळवून झालेलं असतं, आणि पुढं आठवडेच्या आठवडे तीच तीन वाक्यं ऐकायची. फाइल लीगलला आहे. व्हॅल्युएशन बाकी आहे. फाइल पुण्याला गेली आहे.

माझा राग आहे तो एकाच गोष्टीवर. घर ज्याचं, त्याला बँक काहीही सांगायला बांधील नाही. खरेदीदार हा बँकेचा ग्राहक, विकणारा तिच्या लेखी कुणीच नाही. बँकेचा वकील त्याचे मूळ कागद चाळतो, बँकेचा इंजिनिअर त्याच्या खोल्या मोजून जातो, पण तो स्वतः शाखेत चौकशीला गेला की उत्तर मिळतं, "अर्जदाराला पाठवा." खरेदीदाराचा पगार किंवा सिबिल सांगू नका, ते बरोबरच आहे. पण अमुक तारखेपर्यंत हो किंवा नाही कळवू, एवढं सांगितल्यानं कुणाचं गुपित फुटतं?

या वाट पाहण्याचा खर्च विकणाऱ्याच्या खिशातून जातो. ओळखीतले एक निवृत्त गृहस्थ पाइपलाइन रोडचा टू बीएचके विकून मुलाकडे राहायला जाणार होते. गिऱ्हाईक सुप्याच्या एमआयडीसीत नोकरीला, माणूस सरळ. घर मोकळं करून झालं. हॉलमध्ये भिंतीवर कॅलेंडर, कोपऱ्यात दोरीनं बांधलेली गादी आणि खिडकीच्या कट्ट्यावर झेरॉक्सची पिशवी, एवढंच उरलं. रिकाम्या घराचा मेंटेनन्स चालू, वीजबिलाचा स्थिर आकारही चालू. मध्येच रोखीनं घेणारा दुसरा माणूस दारात आला, तर "शब्द दिलाय" म्हणून त्याला परत लावलं. शेवटी कर्ज मंजूर झालं, पण मागितलं त्यापेक्षा कमी. वरची रक्कम गिऱ्हाइकाला उभी करता आली नाही आणि व्यवहार मोडला. खोटं कुणीच बोललं नव्हतं.

असं का होतं, तेही समजून घ्या. बँक तुमच्या तोंडी सौद्यावर पैसे देत नाही. करारातली किंमत आणि तिच्या इंजिनिअरनं काढलेली किंमत यांत जी कमी, तीच बँक धरते. त्यावर रिझर्व्ह बँकेची मर्यादा आहे: 30 लाखांपर्यंतच्या गृहकर्जाला घराच्या किमतीच्या 90 टक्क्यांपर्यंत, 30 ते 75 लाखांच्या कर्जाला 80 टक्क्यांपर्यंत, त्यापुढं 75. सौदा 48 लाखांचा झाला आणि इंजिनिअरनं 42 लाख धरले, तर 38 लाख 40 हजारांची आशा थेट 33 लाख 60 हजारांवर येते. म्हणजे जवळपास 5 लाखांचा खड्डा, आणि मुद्रांक शुल्क, नोंदणी फी खरेदीदारानं पदरची भरायची ती वेगळीच. एवढी रक्कम ऐन वेळी कुठल्या पगारदाराकडे पडून असते? म्हणून व्हॅल्युएशनचा आकडा सौदा ठरण्याच्या सुमारासच हाती पाहिजे, महिना-दीड महिन्यानं नाही.

सगळं खापर बँकेवर फोडायलाही मी तयार नाही. निम्मी दिरंगाई विकणाऱ्याच्या कपाटात असते. जिल्ह्याचं नाव 2024 मध्ये बदललं, पण जुन्या शहरातल्या कितीतरी घरांच्या प्रॉपर्टी कार्डावर अजून आजोबांचंच नाव आहे. बँकेचा वकील सहसा तीस वर्षांचा सर्च काढतो. त्यात वारसनोंद नाही, एका आत्याचं हक्कसोडपत्र नाही, जुन्या कर्जाचा बोजा उतरलेला नाही, असं काही निघालं की फाइल तिथंच बसते. शहराच्या कडेचे गुंठेवारीतले प्लॉट तर विचारूच नका. 2001 चा गुंठेवारी कायदा आहे, 2021 मध्ये त्याची मुदत 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या बांधकामांसाठी वाढवली, तरी नियमितीकरणाचा कागद हातात नसताना लोक विसार घेऊन मोकळे होतात. घराची जाहिरात देण्याआधी एखाद्या वकिलाकडून स्वतःच सर्च काढून घ्या. विसार घेतल्यावर आत्याला शोधत फिरण्यापेक्षा ते स्वस्तात पडतं.

जुनं कर्ज फिटलं असेल तर एक नियम तुमच्या बाजूचा आहे, तो वापरा. कर्ज पूर्ण फिटल्यावर मूळ कागद 30 दिवसांत परत द्यायचे, बँकेच्या चुकीनं उशीर झाला तर दिवसाला 5,000 रुपये भरपाई, हा रिझर्व्ह बँकेचा नियम 1 डिसेंबर 2023 पासून लागू आहे. कागद परत करायला मुदत घालता येते, तर घराच्या कर्जाला हो-नाही सांगायलाही घालता आली पाहिजे. ही मागणी नगरच्या ग्राहक संघटनांनी लावून धरावी.

कुठली बँक, हा प्रश्न आपल्या जिल्ह्यात विशेष जपून विचारायला हवा. शंभरी ओलांडलेल्या नगर अर्बन बँकेवर डिसेंबर 2021 मध्ये निर्बंध आले आणि 4 ऑक्टोबर 2023 रोजी तिचा परवाना रद्द झाला. निर्बंध आले की रिझर्व्ह बँकेच्या परवानगीशिवाय नवं कर्ज देता येत नाही. ठेवीदारांचे हाल सगळ्यांनी पाहिले. पण अशा बँकेच्या भरवशावर एखादं घर विसारात अडकलं असेल, तर त्याची दखल कोण घेणार?

आता सगळ्यात घातक घोटाळा. सॅंक्शन लेटर म्हणजे पैसे नव्हेत. त्या पत्रात अटी असतात, मुदत असते, आणि रक्कम हातात पडते ती डिसबर्समेंटच्या वेळी. मधल्या काळात एजंट सांगतो, "लोन झालंय, खरेदीखत करून टाका, चेक दोन दिवसांत येईल." बिलकूल करू नका. सुरतच्या एका शेतजमिनीचं खरेदीखत 2009 मध्ये झालं. किंमत 1 कोटी 74 लाख, दिले 36 धनादेश. हातात फक्त 40 हजार आले, असं विकणाऱ्या कुटुंबाचं म्हणणं होतं. त्यांनी 2014 मध्ये दावा लावला. दहिबेन खटला म्हणून तो ओळखला जातो. 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, पूर्ण किंमत मिळाली नाही एवढ्या कारणावरून नोंदणीकृत खरेदीखत रद्द होत नाही. पैशांच्या वसुलीचा मार्ग वेगळा, आणि दावा लावायची मुदत तर कधीच उलटून गेली होती.

साठेखतातच सगळं लिहून घ्या. कर्जाचा निर्णय कोणत्या तारखेपर्यंत, रक्कम कमी मंजूर झाली तर फरक कोण आणि कधी भरणार, नाकारलं तर विसाराचं काय. बँकेनं प्रामाणिक माणसाला नाकारलं तर विसार परत द्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. पण तीन-तीन महिने सॅलरी स्लिप न देणाऱ्यानं तुमचं घर अडकवून ठेवलं, तर विसार जप्त करण्याचं कलम करारात असलंच पाहिजे. सतीश बत्रा खटल्यात 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं 70 लाखांच्या सौद्यातला 7 लाखांचा विसार विकणाऱ्याकडे राहू दिला, तो करारात तसं कलम होतं म्हणून. तोंडी शब्दावर असं काही पदरात पडत नाही. आणि विसार रोखीनं घेऊ नका. स्थावराच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्याहून जास्त रोख स्वीकारली, तर तेवढाच दंड घेणाऱ्याला बसू शकतो.

मार्चच्या तोंडावर तर तारखेला आणखी जपा. 1 एप्रिलला रेडी रेकनरचे दर बदलू शकतात, 2025 मध्ये ते वाढलेही. मार्चअखेरीस बँकेत फाइल रेंगाळली तर वाढीव मुद्रांक शुल्क खरेदीदाराच्या माथी येतं, आणि तो तुम्हालाच म्हणतो, "किंमत थोडी कमी करा."

खरेदीखताच्या दिवशी दुय्यम निबंधकासमोर बसाल, तेव्हा बँकेच्या धनाकर्षाचा क्रमांक, तारीख आणि रक्कम खतात छापलेली आहे का, ते आधी बघा. मूळ धनाकर्ष बँकेच्या माणसाच्या हातात तिथंच आहे का, ते डोळ्यांनी बघा. यातली एकही गोष्ट कमी असेल तर सही करू नका. एजंट रागावला तरी चालेल.