शहानिशा केल्याबद्दल आभार

प्रति,
भाऊसाहेब,
ग्रामसेवक तथा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी
(गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तुम्हाला कळेल, आणि तुमच्याकडून बाकीच्यांना कळेलच.)

विषय : बालविवाह रोखण्याच्या कामी केलेल्या बहुमोल सहकार्याबाबत

महोदय,

उपरोक्त विषयान्वये कळवते की, आमच्या संस्थेने रात्री १०९८ या बालमदत क्रमांकावर दिलेली खबर आपण ज्या तत्परतेने योग्य स्थळी पोचवलीत, ती पाहून आम्ही थक्क झालो. जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडून तुम्हाला, तुमच्याकडून सरपंचांना, सरपंचांकडून नवरीच्या चुलत्याला. शासनाची कुठलीही योजना लाभार्थ्यापर्यंत इतक्या लवकर गेलेली आम्ही पाहिलेली नाही. पोलिसांना घेऊन आम्ही आलो तेव्हा मांडव सोडून झाला होता, आचारी कढया टेम्पोत भरत होता आणि नववीतली नवरी मामाकडे गेली होती. चुलत्यांनी चहा पाजला. खबर कोणी दिली तेही त्यांनीच सांगितलं, नावानिशी.

तुम्ही म्हणालात, ‘मी फक्त शहानिशा केली.’

कशाची, भाऊसाहेब? मुलीची जन्मतारीख शाळेच्या जनरल रजिस्टरला आहे, आणि शाळा ग्रामपंचायतीला लागून आहे. लग्न आहे का हो, असं लग्नघरी विचारणं म्हणजे शहानिशा नव्हे, ते आमंत्रणाला दिलेलं उत्तर झालं. दोन दिवसांनी शेजारच्या तालुक्यात अक्षता पडल्या. तुमचा अहवाल मात्र चोख आहे : ‘प्रत्यक्ष भेट दिली असता बालविवाह आढळून आला नाही. माहिती निरंक.’ अशा निरंकांचीच बेरीज होत असावी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) २० ते २४ वयाच्या बायकांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्या राज्यात २१.९ टक्के, बीडमध्ये ४३.७ आणि परभणीत ४८ टक्के निघाल्या.

शासन आणि संस्थांनी हातात हात घालून काम करावं, असं प्रत्येक समन्वय बैठकीत ऐकतो. २००६च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याच्या कलम १६नुसार शासन संस्थेच्या पदाधिकाऱ्याला प्रतिबंधक अधिकाऱ्याच्या मदतीला बोलावू शकतं, आणि बोलावलं की तो बांधील असतो. आम्ही बांधलेलेच आहोत. बॅनर आमचा, चहा-बिस्किटं आमची, शपथेला उभ्या केलेल्या मुली आमच्या, फोटोत मधोमध साहेब. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेतून १९९६ला सुरू झालेली १०९८ची सेवा २०२३मध्ये शासनाने स्वतःकडे घेतली, त्याबद्दलही आम्ही फार बोललो नाही. हे सगळं चालतं.

पण ती अंगणवाडीताई. तिने आम्हाला फोन केला होता, कारण नियमाने ती तुमची सहायक आहे. तिला वाटलं, आपण आपल्याच अधिकाऱ्याला मदत करतोय. दुसऱ्या दिवशी बायका तिच्या दारात येऊन शिव्या घालून गेल्या, आणि आता तिच्या अंगणवाडीत पोरं पाठवायची नाहीत असं भावकीत ठरलंय. तुम्ही तिथून दोनदा गाडीवर गेलात, थांबला नाहीत. ती आता कधीच फोन करणार नाही. तिची गत पाहून दुसरंही कोणी करणार नाही. एक मुलगी गेली ती गेलीच, पण या गावातल्या सातवी-आठवीतल्या पोरींची लग्नंसुद्धा तुम्ही सरपंचांना केलेल्या त्या एका फोनने लावून टाकलीत. लाज वाटायला हवी होती.

तुम्हाला वाटलीही असेल. तीन ग्रामपंचायतींचा पदभार, घरपट्टीची वसुली, घरकुलं, नळयोजना, निवडणूक आली की मतदारयाद्या. ग्रामपंचायतीच्या खात्यातून रुपया काढायचा तर तुमच्या सहीशेजारी सरपंचाची सही लागते, आणि शासन तुम्हाला सांगतं, त्याच सरपंचाच्या भावकीवर फिर्याद द्या. अक्षय्य तृतीयेसारख्या मुहूर्ताला कायदा खुद्द जिल्हाधिकाऱ्यांना प्रतिबंधक अधिकारी मानतो. त्यांच्या मागेपुढे पोलीस असतात. वर्षभर तेच काम करणाऱ्या तुमच्याकडे एक दुचाकी, आणि तिच्यात पेट्रोलही स्वतःचं. फिर्याद दिल्यावर त्याच गावात पाणीपट्टी मागायला जायचं असतं, हे परिपत्रक काढणाऱ्याला कुठून माहीत असणार? आणि दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीला कारखान्यावर निघालेल्या बापाने वयात आलेली पोर कोणाच्या भरवशावर मागे ठेवायची, यावर तुमच्या साहेबांनी किंवा आमच्या संस्थेने आजवर चांगलं उत्तर दिलेलं नाही. हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव आम्ही दिला, तुम्ही पुढे पाठवला. तो पुढेच आहे.

तरी आपणांस नम्र विनंती की, यापुढे आम्हाला आपलं असहकार्य मिळावं. रात्री आमची खबर आली तर फोन उचलू नका. रेंज नव्हती म्हणा, चार्जिंग संपलं म्हणा, आम्ही तक्रार करणार नाही. सकाळपर्यंत सरपंचांना काही कळलं नाही तरी आम्हाला पुरेल. तेवढ्यात आम्ही पोचतो.

कळावे,
आपली विश्वासू