झाडांची हजेरी

निवृत्तीनंतर माणसानं एखादा छंद धरावा, असं मंचरमधले आमचे डॉक्टर म्हणाले. बायको म्हणाली, छंद कोणताही धरा, पण घराबाहेरचा धरा. तीस वर्षांत या दोघांचं प्रथमच एकमत झालं आणि त्यातून माझं वृक्षप्रेम जन्माला आलं.

ठरवलं असं, की एकच बाग निवडायची आणि तिथे वर्षभर, दर ऋतूला जायचं. पुण्याचं एम्प्रेस गार्डन मनात होतं. पण मंचरहून निघालं तर चाकणच्या ट्रॅफिकमध्येच एक ऋतू बदलतो. शिवनेरीवर वनखात्यानं जपलेली हिरवळ आणि झाडं छान आहेत, पण त्यांच्या आधी पायऱ्या आहेत आणि पायऱ्यांच्या आधी माझे गुडघे. शेवटी कुणीतरी आहुप्याच्या देवराईचं नाव काढलं. घोडेगाव ओलांडायचं, डिंभे धरणाच्या पाण्याशी शिवाशिवी खेळत पश्चिमेला जात राहायचं आणि रस्ता संपला की आहुपे. त्यापुढे कडा. कड्याखाली थेट कोकण. म्हणजे झाडं नाही आवडली तरी निदान मुरबाड तालुका बघून परत येता येतं.

चैत्रात पहिली फेरी झाली. गळ्यात दुर्बीण, पिशवीत वही, खिशात झाडं ओळखणारं ॲप असलेला फोन. राईच्या तोंडाशी एक म्हातारबाबा बसले होते. मला आपादमस्तक न्याहाळून त्यांनी विचारलं, "मोजणीला आलाय का?"

"नाही बाबा, झाडं बघायला आलोय."

"मग बघा की. तिथंच हायेत."

फाटक नाही, तिकीट नाही, माळी नाही, 'फुले तोडू नयेत' अशी पाटी नाही. आणि गंमत म्हणजे तोडलेलं फूलही नाही. आमच्या कॉलनीत सकाळी फिरायला निघालेली सभ्य माणसं प्लास्टिकची पिशवी घेऊन दुसऱ्याच्या कुंपणातली जास्वंद देवासाठी खुडतात. इथे देवाच्या धाकानं वाळकी काटकीसुद्धा कुणी चुलीला नेत नाही. देव तोच. फक्त इथे तो घराशेजारी राहतो, त्यामुळे फसवता येत नाही.

आत गेलो आणि ॲपनं मान टाकली. रेंज नव्हती. मग वही काढली. समोर एक झाड होतं, त्याच्या पानं नसलेल्या जुन्या फांद्यांना निळ्या-जांभळ्या फुलांचे बारीक झुबके चिकटले होते. कुणीतरी पोरानं शाईची दौत झटकावी तसे. वहीत लिहिलं, 'निळं झाड.' बाहेर आल्यावर बाबांना विचारलं. म्हणाले, "अंजनी." शेजारून जाणारी आजी म्हणाली, "अंजन." मोटारसायकलवरचा तरुण म्हणाला, "सर, ते मेमेसायलॉन." तो बी.एस्सी. झालेला निघाला. मी तिन्ही नावं लिहिली आणि पुढे 'निळं झाड' तसंच ठेवलं, कारण लक्षात राहणार होतं तेवढंच.

त्याच फेरीत माझ्या हातून एक पाप घडलं. राईत एका झाडावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर मांडीएवढा जाड वेल गेलेला आहे. कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो याचा पत्ता लागत नाही. आमच्या भाऊबंदकीच्या दाव्यासारखा. हा गारंबीचा वेल. मला गारंबी म्हणजे पेंडशांच्या बापूचं गाव एवढंच ठाऊक होतं. या वेलाला हातभराहून लांब, लाकडी तलवारीसारख्या शेंगा लागतात. खाली पडलेल्या एका शेंगेतून निसटलेली बी पाचोळ्यात चकाकत होती. जुन्या खिशातल्या घड्याळाएवढी, चपटी, चॉकलेटी, गुळगुळीत. मी ती अंगठ्यानं पुसली, पुन्हा पुसली आणि कशी कोण जाणे, माझ्या खिशात गेली.

घरी आल्यावर आठ दिवसांत मिक्सर जळला. मग स्कूटर पंक्चर. मग बोअरची मोटार. बायकोनं खिसे तपासले आणि बी तिच्या हाती लागली. त्यानंतर घरात जे जे बिघडलं त्याचं बिल त्या बीच्या नावावर पडू लागलं. माझी दाढ दुखली तीही.

वैशाखात गेलो तेव्हा परत न्यायला विसरलो. तो माझा दोष नाही, वैशाखात तिथे हिरडा सोडून कुणालाच काही आठवत नाही. पश्चिम आंबेगाव आणि जुन्नरच्या आदिवासी गावांत हा बाळहिरड्याचा मोसम. कोवळी फळं झोडून, वेचून, अंगणात वाळत घातलेली. हिरवी असतात ती वाळून कोळशासारखी काळी होतात. या भागातल्या महादेव कोळी कुटुंबांचं वर्षाचं मीठमिरचीचं गणित यावर बसतं. २०२० च्या ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आलं आणि हिरड्याची झाडं उपटून गेलं. ते सांगताना माणसं वादळाचा वेग सांगत नाहीत, कुणाची किती झाडं पडली ते सांगतात.

हिरड्यावरून आठवलं. जुन्नर तालुक्याला वनस्पती उद्यानाची परंपरा खरोखरच आहे आणि ती पोट साफ ठेवण्याची आहे. अलेक्झांडर गिब्सन नावाचा स्कॉटिश डॉक्टर कंपनी सरकारच्या चाकरीत इकडे आला. दापोडीची सरकारी बाग १८३८ पासून त्याच्याकडे होती आणि नारायणगावजवळच्या हिवऱ्यालाही त्याची बाग होती. तिथे लष्करी दवाखान्यांसाठी औषधी झाडं वाढवत. त्यात मुख्य सोनामुखी. म्हणजे गोऱ्या शिपायांचं पोट जुन्नर तालुक्याच्या भरवशावर होतं. हाच गिब्सन १८४७ मध्ये मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक झाला आणि झाडं तोडली की ओढे आटतात, असं सरकारला लिहून कळवू लागला. सरकारला जुलाब कळतो, ओढा कळायला वेळ लागतो.

जूनची फेरी काजव्यांसाठी होती. काजव्यांच्या आधी पाऊस आला. विषय संपला.

श्रावणात मात्र बी घेऊन निघालोच. आहुप्यात श्रावण म्हणजे ढग राईत मुक्कामाला येतात. स्वतःचा हात दिसेना, तिथे गारंबीचा वेल कुठून दिसणार? मी झाडं चाचपत पुढे सरकत होतो. एक झाड चाचपलं ते ओलं, केसाळ, गरम लागलं. ती म्हैस होती. दोघांनीही एकमेकांची क्षमा मागितली, असं मला वाटतं. शेवटी भैरवनाथाच्या देवळापाशी पोहोचलो, बी पायरीवर ठेवली आणि डोळे मिटून मिक्सरपासून दाढेपर्यंत सगळी यादी वाचून दाखवली.

मागून खोकला आला. बाबा, इरलं पांघरून.

"अवो, बी तर पावसाच्या पाण्यानं वाहून पार खाली कोकणात जाते. देव काय बियांचा हिशेब ठेवतो का? मिक्सर जुना झाला आसंल."

मिक्सर अकरा वर्षांचा होता. हे मी घरी सांगितलेलं नाही.

दिवाळीनंतर हवा निवळली आणि वर बघण्याइतकी मान सैल झाली. पहिलं शेकरू तेव्हा दिसलं. खरं म्हणजे आधी त्यानं मला पाहिलं आणि अर्धवट कुरतडलेलं फळ टोपीवर टाकून हजेरी दिली. महाराष्ट्राचा राज्यप्राणी असल्यामुळे मी गप्प बसलो.

इथवर सगळं ठीक होतं. पण वर्षभर जाऊन आलेल्या माणसाला आपण काहीतरी दिलं पाहिजे असं वाटू लागतं, आणि घोटाळा तिथेच होतो. आमच्या सकाळच्या फिरण्याच्या गटापुढे मी ठराव मांडला: देवराईतल्या झाडांना नावाच्या पाट्या लावायच्या. टाळ्या पडल्या, वर्गणी निघाली. हिरव्या पत्र्यावर पांढरी अक्षरं, एकूण बारा पाट्या. 'अंजनी' की 'अंजन' यावर दोन सभा झाल्या, एक सभासद अजून बोलत नाही. 'हिरडा'च्या पाटीवर पेंटरनं 'हिडरा' रंगवलं. २६ जानेवारीला पाट्या, हातोडी आणि पाव किलो खिळे घेऊन आम्ही पाच जण आहुप्यात दाखल झालो.

बाबांनी एकेक पाटी हातात घेऊन उलटीसुलटी पाहिली.

"हे कशापायी?"

"लोकांना झाडांची नावं कळायला."

"आमाला ठावं हायेत. झाडाला सोताला ठावं हाये. मग काय शाळेवानी हाजरी घ्यायची?" मग खिळ्यांची पुडी उघडली, एक खिळा उचलून आपल्याच तळहातावर टेकवला आणि पुन्हा पुडीत ठेवला. काही बोलले नाहीत.

आम्हीही बोललो नाही. परतताना गाडीत मला आठवलं, की माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात महाराष्ट्रातल्या देवराया हिंडून त्यांच्या नोंदी केल्या. नावं त्यांनीही लिहिली. पण कागदावर.

चैत्र पुन्हा तोंडावर आला आहे. निळं झाड फुललं असेल, मी जाणार आहे. वही आहे, दुर्बीण घरी ठेवणार आहे. बाराही पाट्या माळ्यावर पडून आहेत आणि बायकोचं म्हणणं, त्या उतरवल्याशिवाय नवा मिक्सर बसत नाही. तेव्हा आपल्या अंगणात, बांधावर वा शाळेच्या आवारात जांभूळ, बेहडा, उंबर, आंबा किंवा हिडरा असेल तर जरूर कळवा. पाटी फुकट मिळेल, मंचरपासून तीस किलोमीटरपर्यंत मी स्वतः आणून देईन. दोरीनं बांधायची. खिळे मागू नयेत.